मोटारीची गिअरपेटी : हातची, स्वयंचलित कीं दोन क्लचांची?

मुंबई–वडोदरा महामार्गाकरितां अंबरनाथ तालुक्यांतील जमिनींचें संपादन झालें आणि अनेक खातेदारांच्या हातीं मोबदल्याच्या रकमा आल्या. त्यांपैकीं कांहींनीं अन्यत्र जमीन घेतली, कांहींनीं घरें बांधलीं, कांहींनीं दारांत मोटार उभी केली. मोटार घेण्यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नाहीं. आजारी माणसास कल्याणास नेणें, ठाण्यास कचेरीचें काम उरकून त्याच दिवशीं परत येणें, भाजीच्या चार पाट्या वेळेवर पोंचविणें, हीं सर्व मोटारीचीं खरीं कामें आहेत. परंतु गेलेली जमीन परत येत नाहीं. निदान तिच्या मोबदल्यांतून घेतलेली वस्तु तरी पारखून घ्यावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. बैल घेतांना जो शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो आणि चार पावलें चालवून पाहतो, तोच शेतकरी मोटारीच्या दुकानांत गेला म्हणजे रंग आणि पडदा पाहून लाखभर रुपये अधिक मोजून येतो. हा अधिक पैसा पुष्कळदां गिअरपेटीच्या नांवें खर्च होत असतो. सबब विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यांतील शेतकऱ्यानें कोणती गिअरपेटी कोणत्या कामास घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

गिअर हवा कशाला?

इंजिनाची प्रकृति बैलासारखी नाहीं. बैल उभ्या जागेवरून सर्व जोर लावूं शकतो. इंजिन मात्र मिनिटास सातआठशें फेरे तरी फिरत असल्याशिवाय जिवंतच राहत नाहीं, आणि त्याचा खरा जोर त्याहून पुष्कळ अधिक फेऱ्यांवर येतो. उलटपक्षीं, उभी गाडी हलवितांना चाक अगदीं सावकाश फिरावें लागतें. या दोहोंची सांगड घालण्याकरितां मध्यें दंतचक्रें लागतात. साधारण लहान मोटारींत पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचे बारा ते पंधरा फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. शेवटच्या गिअरमध्यें तोच एक फेरा तीनचार फेऱ्यांत उरकतो. पहिल्यांत जोर अधिक व वेग कमी, शेवटच्यांत वेग अधिक व जोर कमी, असा हा हिशेब आहे.

एका गिअरमधून दुसऱ्यांत जातांना इंजिन व चाकें यांचा संबंध क्षणभर तोडून पुनः जोडावा लागतो. हें काम क्लच करतो. जोडतांना क्लचाची तबकडी व तिच्यासमोरील लोखंडी चकती एकमेकींवर घासतात, आणि घासलें म्हणजे तापणें आलेंच. वाचकांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली तर पुढील सर्व विवेचन सोपें जाईल. कोणत्याही गिअरपेटीचा गुणदोष अखेरीस या एकाच प्रश्नावर येऊन ठरतो : हें घासणें कोण सोसतो, आणि त्याची उष्णता कोण वाहून नेतो?

हातची पेटी

हाताने गिअर टाकण्याची रीत मोटारीइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील लेव्हासोर यानें १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सरकत्या दंतचक्रांची पेटी प्रचारांत आणिली. त्या काळीं दोन चक्रांचा वेग जुळला नाहीं तर दांत्यांवर दांते आपटून मोठा कर्कश आवाज होई. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत वेग जुळवून घेणारी कडीं बसविण्यांत आलीं. यालाच सिंक्रोमेश म्हणतात. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत हीं कडीं नसल्यामुळें ट्रॅक्टर थांबवूनच गिअर बदलावा लागतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

आपल्या भागाचा या पेटीशीं संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट व पुढें प्रीमियर पद्मिनी या मोटारी बनत. त्यांचा दांडा सुकाणूच्या खालीं असे व गिअर चार असत. १९९० नंतरच्या दशकांत त्याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यांत फ्रेंच प्यूजो मोटारी पांच गिअरांसह बनल्या.

हातच्या पेटींत क्लच एक व कोरडा असतो. घासणें तोच सोसतो. उष्णता वाऱ्यावर जाते. परंतु किती घासावयाचें हें चालकाचा डावा पाय ठरवितो. पाय शहाणा असेल तर तबकडी वर्षानुवर्षें टिकते, आणि पाय सदा क्लचावर टेकलेला असेल तर ती लवकर जळते. जळली तरी कल्याण-उल्हासनगरच्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीस ती बदलतां येते, आणि लहान मोटारीच्या तबकडीचा खर्च शेतकऱ्यास पेलणारा असतो. बॅटरी उतरली तर चार माणसांनीं ढकलून अशी गाडी चालू होऊं शकते. दोष एकच, पण तो लहान नाहीं. कल्याण–शीळ मार्गावर गर्दीच्या वेळीं तासाभरांत शेंकडों वेळां क्लच दाबावा लागतो. ज्यानें उभा जन्म चिखलांत भात लावण्यांत घालविला, त्याच्या गुडघ्यास हें सोसत नाहीं.

तेलाच्या जोडीची स्वयंचलित पेटी

दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसऱ्याचीं पातींही फिरूं लागतात. वाऱ्याच्या जागीं तेल घ्या, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर तयार झाला. इंजिन एक पंखा फिरवितें, तेल दुसऱ्यास फिरवितें, आणि मधला तिसरा स्थिर पंखा तेलाचा प्रवाह वळवून निघतेवेळीं जोर वाढवितो. जर्मन अभियंता फ्योटिंगर यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. तेलाच्या जोडीवर चालणारी मोटारीची पहिली मोठ्या प्रमाणावरील स्वयंचलित पेटी, हायड्रामॅटिक, अमेरिकेंत १९३९ सालीं जाहीर होऊन १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत आली.

येथें आमच्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट मिळतें. गाडी सुटतांना घासावयास तबकडी नाहींच. तेल सोसतें, आणि तापलेलें तेल निववून परत आणण्याची सोय असते. म्हणून घाटांत वा गर्दींत तासभर इंच इंच सरकलें तरी ही पेटी सहसा कुरकुरत नाहीं. मोबदला म्हणून इंजिनाचा कांहीं जोर तेल घुसळण्यांत जातो व इंधन थोडें अधिक लागतें. वेग आल्यावर दोन्ही पंखे एकत्र जखडण्याची युक्ति आतां सर्वत्र असल्यानें हा तोटा पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी झाला आहे. तेल मात्र कंपनीनें सांगितलेल्या जातीचेंच घालावें. वाटेल तें तेल घातल्यास पेटी बिघडते.

स्वस्त स्वयंचलित व पट्ट्याची पेटी

२०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ मोटारींत ए.एम.टी. ही पेटी आली आणि स्वयंचलित गाडी मध्यम कुटुंबाच्या आवांक्यांत आली. तिच्यांत नवीन पेटी कांहीं नाहीं. आंत तीच हातची पेटी व तोच एक कोरडा क्लच असतो; फक्त चालकाच्या हातापायांचें काम यंत्र करतें. जणूं नांगर तोच, नांगऱ्या तेवढा बदलला. म्हणून ती स्वस्त आहे व इंधनही हातच्या पेटीइतकेंच घेते. गिअर बदलतांना क्षणभर गाडी दम खाते, ही तिची खोड. चढावर ब्रेक न लावतां केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर हिचाही क्लच जळतो. यंत्र चालवितें म्हणून तबकडी घासत नाहीं, असें समजूं नये.

सी.व्ही.टी. नांवाची आणखी एक पेटी आहे. तिच्यांत दंतचक्रांच्या पायऱ्या नसून दोन कप्प्या व त्यांवरून जाणारा पट्टा असतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ती सहज समजेल. भेद इतकाच कीं येथील कप्प्या चालतां चालतां लहानमोठ्या होतात. हॉलंडमधील डाफ कंपनीनें १९५८ सालीं रबरी पट्ट्याची अशी मोटार आणिली. हल्लीं पट्टा पोलादी असतो. शहरांत ती फार गुळगुळीत चालते. मोठें ओझें व सतत चढ हें तिचें आवडतें काम नव्हे.

दोन क्लचांची पेटी

आतां ज्या पेटीचें नांव दुकानांत विशेष घेतलें जातें तिच्याकडे वळूं. तिच्यांत एका पेटीच्या पोटांत जणूं दोन पेट्या असतात. पहिला, तिसरा, पांचवा हे विषम गिअर एका क्लचावर, आणि दुसरा, चौथा, सहावा हे सम गिअर दुसऱ्या क्लचावर. गाडी तिसऱ्यांत धांवत असतां चौथा आधींच लावून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणीं दुसरा धरतो, आणि जोर कोठेंही तुटत नाहीं. धांवत्या रस्त्यावर ही पेटी फार सुरेख चालते, आणि इंधनाचा खर्च हातच्या पेटीच्या आसपास राहतो, हें निःपक्षपातीपणें सांगितलें पाहिजे.

ही कल्पना फ्रेंच अभियंता केग्रेस यानें १९३९ मध्यें मांडिली, म्हणजे हायड्रामॅटिक जाहीर झाली त्याच सालीं. परंतु ती त्या वेळीं बाजारांत आली नाहीं, आणि १९४३ मध्यें तो वारला. दोन क्लचांची अचूक अदलाबदल करावयास जें संगणकाचें डोकें लागतें, तें त्या काळीं नव्हतेंच. १९८० नंतर पोर्शे व ऑडी यांनीं ती शर्यतीच्या गाड्यांत वापरिली, आणि २००३ सालीं फोक्सवॅगनच्या गोल्फ मोटारींत ती सामान्य गिऱ्हाइकास मिळूं लागली.

हिचे दोन प्रकार आहेत, आणि खरी मेख येथेंच आहे. एका प्रकारांत दोन्ही क्लच तेलांत बुडालेले असतात. यास ओला क्लच म्हणतात. दुसऱ्यांत ते कोरडे असतात. मोकळ्या रस्त्यावर कोरडाही उत्तम चालतो, कारण तेथें घासणें क्षणाचें असतें. परंतु गर्दींत गाडी हातभर पुढें जाते व थांबते, पुनः हातभर जाते व थांबते. अशा वेळीं पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट धरलेला राहून सारखा घासत असतो, आणि कोरड्या क्लचाची उष्णता न्यावयास वाऱ्याखेरीज कोणी नसतें. मे महिन्याच्या दुपारीं, एंजिनाच्या शेजारीं बंद पेटींत, तो वारा तरी कितीसा थंड असणार?

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. २०१३ च्या मार्चमध्यें फोक्सवॅगनला या पेटीच्या दोषांकरितां चीनमध्यें तीन लाख चौऱ्यांशीं हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फोर्डच्या कोरड्या दोन क्लचांच्या पेटीविषयीं ऑस्ट्रेलियांत गिऱ्हाइकांनीं तक्रारी केल्या, तेव्हां पुष्कळांस, तुमची चालविण्याची रीतच चुकीची, असें सांगण्यांत आलें. २०१८ सालीं तेथील न्यायालयानें गिऱ्हाइकांस दिलेल्या अशा वागणुकीबद्दल कंपनीस एक कोटि ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. त्यानंतर पेट्यांत सुधारणा झाल्या आहेत, आणि टाटांनीं २०२२ सालीं अल्ट्रोझमध्यें ही पेटी दिली ती ओल्या क्लचाची दिली. तात्पर्य, नुसतें दोन क्लच आहेत एवढें ऐकून भागत नाहीं. ओला कीं कोरडा, हें विचारलेंच पाहिजे.

नांव एक, गट निराळा

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. बदलापूर बाजूच्या एका शेतकऱ्यास मोटार दाखवितांना विक्रेत्यानें, हिला डबल क्लच आहे, असें सांगितलें. गृहस्थ संतोषानें म्हणाले, "मग आमच्या ट्रॅक्टरासारखाच कीं!" विक्रेत्यानें मान डोलविली. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. एकाच नांवाचे दोन खातेदार आणि त्यांवरून होणारे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले. येथेंही तोच प्रकार आहे.

ट्रॅक्टराच्या दोन क्लचांचीं कामें दोन आहेत. पायटा अर्धा दाबला म्हणजे चाकांचा संबंध तुटतो, पण मागील पी.टी.ओ. दांडा फिरतच राहतो. पूर्ण दाबला म्हणजे तोही थांबतो. त्यामुळें ट्रॅक्टर थांबवूनही मळणीयंत्र वा रोटाव्हेटर चालू ठेवतां येतो. मोटारींत मात्र दोन क्लच एकच काम पाळीपाळीनें करतात. पहिली व्यवस्था सोशिकपणासाठीं आणि सोयीसाठीं आहे, दुसरी वेगासाठीं. ट्रॅक्टराचा दुहेरी क्लच दणकट निघाला म्हणून मोटारीचाही तसाच निघेल, हा न्याय लागूं होत नाहीं.

कोणाला कोणती?

सर्व पेट्यांत अमुक एकच श्रेष्ठ असती तर कारखानदारांनीं दुसऱ्या बनविल्याच नसत्या. पुण्याजवळ चाकण येथें बनणारी स्कोडाची कुशाक मोटार २०२१ सालीं बाजारांत आली, तेव्हां एकाच गाडींत तिन्ही प्रकार दिले होते. एक लिटरच्या लहान इंजिनास हातची किंवा तेलाच्या जोडीची पेटी, आणि दीड लिटरच्या मोठ्या इंजिनास हातची किंवा कोरड्या दोन क्लचांची सात गिअरांची पेटी. म्हणजे गाडी तीच, पण गिऱ्हाईक निराळें. आपण त्यांपैकीं कोणतें गिऱ्हाईक आहों, हें दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच ठरवावें.

आमच्या पट्ट्यांतील रस्ते पाहिले तर तीन तऱ्हेचा प्रवास दिसतो. पहिला, विठ्ठलवाडीहून कल्याण, शीळ फाटा, ठाणें वा उल्हासनगर-अंबरनाथमधून बदलापूर, असा गर्दीचा. ज्याचा प्रवास मुख्यत्वें हाच आहे व ज्याचे गुडघे दुखतात, त्यानें तेलाच्या जोडीची स्वयंचलित पेटी घ्यावी. तेवढी रक्कम नसेल तर ए.एम.टी. घ्यावी, आणि तिच्या गचक्यांची संवय करावी. दुसरा प्रवास कल्याण, मुरबाड, टोंकावडें, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा असा, ओझें घेऊन व चढउताराचा. त्यास हातची पेटी किंवा तेलाच्या जोडीची पेटी या दोनच आम्हांस निर्धास्त वाटतात. तिसरा प्रवास द्रुतगति मार्गानें पुणें-नाशिकाकडे नेहमीं लांबवर जाणाऱ्यांचा. त्यांनीं दोन क्लचांची पेटी जरूर घ्यावी, ओल्या क्लचाची मिळाल्यास अधिक बरें. आणि खात्रीचीं वर्षें किती व त्या खात्रींत क्लचाची तबकडी धरली आहे कीं नाहीं, हें लेखी घ्यावें.

ज्याची मोटार शेताच्या बांधापर्यंत जाते, खतांच्या गोणी वाहते, आणि घरांतील तीन माणसें तीन तऱ्हांनीं चालवितात, त्यानें हातचीच पेटी घ्यावी. वांचलेल्या लाखांत ठिबक संचाची वा विहिरीच्या कांठाची दुरुस्ती पुष्कळ होते.

विजेच्या मोटारीविषयीं एक शब्द. विजेचें यंत्र बैलाप्रमाणें उभ्या जागेवरून पुरा जोर लावतें, म्हणून तिला बहुधा गिअर बदलण्याची पेटीच लागत नाहीं व क्लचही नसतो. ज्याच्या घरीं वीज भरण्याची सोय आहे व रोजचा प्रवास ठराविक आहे, त्यानें या लेखांतील सर्व तंटा बाजूस ठेवून तिचाही विचार करावा.

निगा

पेटी कोणतीही घेतली तरी पुढील गोष्टी पाळाव्या.

१. घाट उतरतांना गाडी न्यूट्रलमध्यें कधींही टाकूं नये. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. स्वयंचलित गाडींतही खालचा गिअर धरून ठेवण्याची खूण असते. ती घेतांनाच विचारून ठेवावी.

२. दोन क्लचांच्या व ए.एम.टी. गाडींत गर्दींत हातहातभर सरकत राहूं नये. पुढें दोन गाड्यांची जागा मोकळी होऊं द्यावी, मग एकदांच पुढें जावें. थांबल्यावर ब्रेक पुरा दाबून ठेवावा.

३. बंद पडलेली मोटार ट्रॅक्टराला दोरखंडानें बांधून ओढत आणण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. हातच्या पेटीची गाडी न्यूट्रलमध्यें टाकून सांभाळून ओढली तर बहुधा चालतें. तेलाच्या जोडीच्या स्वयंचलित पेटीस मात्र याप्रमाणें ओढूं नये. तिचा तेलाचा पंप इंजिन चालू असेल तेव्हांच चालतो. चाकें फिरत राहिलीं व तेल पोंचलें नाहीं तर पेटी आंतल्या आंत कोरडी घासते. अशी गाडी चाकें उचलून किंवा ट्रकवर चढवूनच न्यावी. दोन क्लचांच्या व इतर स्वयंचलित पेट्यांबाबत गाडीच्या पुस्तकांत जें सांगितलें असेल तेंच करावें.

४. जुलै २०१९ च्या पुरांत उल्हास नदीचें पाणी बदलापूर-वांगणी पट्ट्यांत पसरलें, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारांवर उतारूंसह अडकून पडली, हें कोणी विसरलें नसेल. अशा पाण्यांत बुडालेली मोटार पाणी ओसरतांच चालू करूं नये. पेटीच्या श्वासनळींतून पाणी आंत शिरून तेलांत मिसळतें. हातची पेटी धुऊन व तेल बदलून पुष्कळदां वांचते, पण स्वयंचलित पेटीच्या तबकड्या व विजेचे भाग त्यानें कायमचे बिघडूं शकतात. आधीं तेल काढून पाहावें. तें दुधाळ दिसलें तर गाडी थेट कारखान्यांत न्यावी.

५. गाडी पसंत करण्यापूर्वीं ती मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटें फिरवून परत देऊं नये. दुपारच्या उन्हांत, घरचीं चार माणसें बसवून, गर्दींत अर्धा तास व एखाद्या चढावर दोनदां थांबवून पाहावी. जो विक्रेता यास नाहीं म्हणेल, त्याच्याकडून मोटार घेण्याची घाई करूं नये. बैल आपण असाच चालवून घेतों. मोटारीची किंमत बैलाच्या कितीतरी पट अधिक आहे.